गृहशिक्षण, दक्षिण कोकणातील

गृहशिक्षण, दक्षिण कोकणातील : शाळा या स्वतंत्र संस्थेत न जाता घरातील वडीलधाऱ्यांकडून, घरी ठेवलेल्या शिक्षकाकडून अथवा शेजारच्या ओटीवर चार मुले जमवून बसणाऱ्या पंतोजीकडून मिळणाऱ्या शिक्षणास गृहशिक्षण म्हणता येईल. यांपैकी शेवटचा प्रकार काटेकोर अर्थाने शाळेत मोडतो. परंतु कोकणात घर आणि पंतोजीची शाळा यांमधील सीमारेषा इतकी पुसट होती, की एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करता येत नाही. प्रस्तुत नोंदीत विजयदुर्ग खाडीपासून तेरेखोल खाडीपर्यंतच्या प्रदेशाचा, म्हणजे १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढून स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा, आणि त्यातही मालवण व देवगड या किनारी भागांचा मुख्यत्वे विचार केला आहे.

या भागात गृहशिक्षण दीर्घकाळ टिकून राहण्यास भूगोल बराचसा कारणीभूत झाला. देशावरील गावाप्रमाणे येथील गाव एका ठिकाणी दाटीने वसलेले नसते. ते वाड्यांमध्ये विखुरलेले असते आणि दोन वाड्यांच्या मध्ये डोंगराची सोंड, भातशेतीचा मळा किंवा खाडीचा फाटा येतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पाऊस एवढा पडतो, की ओढे अडतात, पायवाटा बुजतात आणि तरीवरील उतार बंद पडतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला अशा वाटेने रोज दुसऱ्या वाडीत पाठविणे आईबापांना शक्य नसे. शेतीच्या उत्पन्नावर वर्षभर निर्वाह होण्याजोगी स्थितीही बहुतेक घरांची नव्हती. त्यामुळे जे काही अक्षरज्ञान द्यावयाचे, ते घरच्या पडवीत आणि शक्यतो पैसा न खर्चता द्यावे, ही रीत रूढ झाली. गावात दहा-वीस मुले जमण्याजोगी असतील, तर एखादा गरीब ब्राह्मण किंवा लिहिण्यात तरबेज असा कारकुनी पेशाचा गृहस्थ पंतोजी म्हणून बसे. त्याची शाळा कोणाच्या ओटीवर, देवळाच्या सभामंडपात, नाही तर त्याच्या स्वतःच्या घरी भरे. पंतोजी मेला किंवा गाव सोडून गेला, की शाळाही संपत असे, आणि मुले पुन्हा आजोबांच्या किंवा चुलत्याच्या हाताखाली येत.

साधने व अध्यापनपद्धती : शिक्षणाचा आरंभ धुळाक्षरांनी होई. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेचा भुगा पसरून त्यावर बोटाने वा टोकदार काडीने अक्षर काढावयाचे आणि हाताने भुगा सारखा करून पुन्हा काढावयाचे. या फळीस धुळपाटी म्हणत. जांभ्या दगडाच्या या मुलखात तांबड्या मातीला तोटा नव्हता. पहिला धडा ‘ओं नमः सिद्धम्’ हा असे. त्याचेच ‘ओनामा’ हे रूप आरंभ या अर्थी मराठीत रुळले. मुळाक्षरे, बाराखडी व जोडाक्षरे हातात बसली, की मुलाला लाकडी पाटी व बोरू मिळे आणि तो कित्ता गिरवू लागे. काजळी व डिंक खलून शाई घरीच तयार होई. कागद मात्र विकत घ्यावा लागे. म्हणून तो अगदी शेवटी, हात वळल्यानंतरच मुलाच्या पुढे येई.

छापील पाठ्यपुस्तक नव्हते, तरी वाचावयास काहीच नव्हते असे नाही. बाळबोध वाचनाचा सराव श्रीधरकवीच्या (१६५८–१७२९) हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत यांसारख्या पोथ्यांवर होत असे. चातुर्मासात घरोघर पोथी लागे. आजी ऐकावयास बसे आणि वाचणारा नातू अडखळला, तर पाठ असलेला पुढचा शब्द ती त्यास सांगे. तिला स्वतःला अक्षर येत नसले, तरी चूक तिच्या कानाला कळे. मोडी वाचनासाठी घरातील दप्तर हेच पुस्तक होते. जुनी पत्रे, कर्जरोखे, गहाणखते, वसुलाच्या याद्या हे सर्व मुलाने लावून दाखवावयाचे, अशी पद्धत होती. तिच्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलास आपल्या घरावर कोणाचे किती देणे आहे, हेही कळून चुके. दुसरे कोणतेही पुस्तक त्याला इतके व्यवहारज्ञान देऊ शकले नसते.

परवचा : या शिक्षणाचे खरे हृदय म्हणजे परवचा. दिवेलागणीस देवापुढे दिवा लावून शुभंकरोती झाली, की घरातील सर्व मुले एका रांगेत बसून पाढे, वार, तिथी, महिने, नक्षत्रे व संवत्सरांची नावे मोठ्याने म्हणत. मोठ्या मुलाने सांगावयाचे व धाकट्यांनी मागून म्हणावयाचे. त्यामुळे वेगळा शिक्षक लागत नसे. यास तेल लागे तेही देवाच्या दिव्याचेच. पूर्णांकांच्या तिसापर्यंतच्या पाढ्यांखेरीज अपूर्णांकांचे पाढे हा यातील विशेष भाग होता : पावकी (पाव), निमकी (अर्धा), पाऊणकी (पाऊण), सवायकी (सव्वा), दिडकी (दीड), अडीचकी (अडीच) आणि औटकी (साडेतीन).

या पाढ्यांना अर्थहीन घोकंपट्टी समजण्याची प्रवृत्ती पुढील काळात बळावली. ती रास्त नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि मापांतही पाव, अर्धा, पाऊण असे भाग असलेल्या व्यवहारात हे पाढे म्हणजे तयार हिशेबच होता. साडेतीन आणे शेर या भावाने सात शेरांचे किती, असे विचारताच औटकी येणारा मुलगा ‘साडेचोवीस’ म्हणे आणि सोळा वजा करून एक रुपया साडेआठ आणे सांगून मोकळा होई. पाटीची गरज नाही, कागदाची नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली व त्यानंतरच्या काही वर्षांत दशमान वजनेमापेही आली. तेव्हा पावकी व औटकी यांचा आधारच नाहीसा झाला आणि एका पिढीच्या आत ते पाढे विस्मरणात गेले. शिक्षणशास्त्रज्ञांच्या टीकेने परवचा जितका मागे पडला नाही, तितका तो नाणेबदलामुळे पडला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. मोडी लिपीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून व कचेऱ्यांतून हद्दपार झाली आणि घरातील दप्तर घरच्याच मुलांना वाचता येईनासे झाले.

खर्च : मुंबईच्या गव्हर्नरच्या मंडळाचा सभासद जी. एल. प्रेंडरगास्ट याने १८२१ मध्ये नमूद केले, की इलाख्यातील खेड्यांत पालकांच्या ऐपतीप्रमाणे मूठ-दोन मूठ धान्यापासून फार तर महिना एक रुपयापर्यंत पंतोजीला देऊन मुलांना लेखन, वाचन व हिशेब शिकविले जात. कोकणात हा मोबदला प्रामुख्याने भात, नारळ, शिधा आणि सणावारी मिळणारे एखादे धोतर अशा स्वरूपाचा असे. रोख पैसा दुर्मिळ असलेल्या मुलखात अशी व्यवस्था दोघांनाही सोयीची होती. घरच्या घरी शिकविताना तर हाही खर्च वाचे. मात्र हे शिक्षण ‘फुकट’ होते, असे समजणे चुकीचे ठरेल. ज्या घरात शिकविण्याइतपत शिकलेला पुरुष आहे आणि ज्या मुलाला गुरांमागे किंवा होडीवर जावे लागत नाही, त्याच घराला ते स्वस्त पडे. बाकीच्यांना ते कोणत्याही किमतीस मिळत नव्हते.

धुळाक्षरांच्या या स्वस्त पद्धतीचा एक प्रवास लक्षणीय आहे. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथालयाचा अधीक्षक अँड्रू बेल याने मलबारी मुले वाळूत अक्षरे गिरवितात, हे पाहून ती रीत आपल्या शाळेत आणली व मोठ्या मुलांनी धाकट्यांस शिकविण्याच्या पद्धतीशी तिची सांगड घातली. यावरील त्याचे पुस्तक १७९७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांतून वाळूचे मेज आले. ज्या काळात इंग्रज अधिकारी येथील ओट्यावरच्या शाळा मागासलेल्या ठरवू लागले होते, त्याच काळात त्यांच्या देशातील गरीब मुले वाळूत अक्षरे काढीत होती.

गणनेचा प्रश्न : मालवण व वेंगुर्ले १८१२ मध्ये आणि पेशव्यांकडील मुलूख १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर नव्या सरकारने शाळांची मोजदाद केली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत १८२४ पासून कलेक्टरांकडून माहिती मागविण्यात आली. तीवरून दशकाच्या अखेरीस संबंध इलाख्यात सु. १,७०० शाळा आणि सु. ३५,००० विद्यार्थी असल्याचे दिसले. घरी शिकणाऱ्यांची अशी स्वतंत्र मोजणी या आकड्यांत नाही. ही उणीव किती मोठी असू शकते, याची कल्पना इतर प्रांतांवरून येते. मद्रास शहरात शाळांतील मुलांच्या सु. पाचपट मुले घरी शिकतात, असे तेथील कलेक्टरने कळविले होते. गव्हर्नर टॉमस मन्रो याला हा आकडा अतिशयोक्त वाटला, तरी घरी शिकणाऱ्यांची संख्या मोठी असल्याचे त्याने मान्य केले. बंगालमध्ये विल्यम अ‍ॅडमने राजशाही जिल्ह्यातील नाटोर ठाण्याची पाहणी घरोघर जाऊन केली. तीत प्राथमिक शाळांत २६२ मुले, तर १,५८८ कुटुंबांत घरी शिकणारी २,३८२ मुले आढळली. म्हणजे शाळेतील एका मुलामागे घरी शिकणारी नऊ.

या उणिवेतूनच विसाव्या शतकातील एक वाद उद्‌भवला. म. गांधींनी १९३१ मध्ये लंडन येथे केलेल्या भाषणात इंग्रजी अमलात हिंदुस्थानातील साक्षरता घटली, असे प्रतिपादन केले. सर फिलिप हार्टोग यांनी त्याचा प्रतिवाद केला. या प्रतिवादाला रा. वि. परुळेकर यांनी १९३९–४० च्या सुमारास आकडेवारीनिशी उत्तर दिले आणि जुन्या पाहण्यांत गृहशिक्षणाची दखल घेतली गेली नाही, हा मुद्दा ठळकपणे मांडला. मुंबई प्रांतातील १८२०–३० या दशकाच्या पाहणीची कागदपत्रे त्यांनी संपादित केली. ती १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. धरमपाल यांच्या द ब्यूटिफुल ट्री (१९८३) या ग्रंथाने हा वाद नव्याने उपस्थित केला. दक्षिण कोकणापुरते बोलावयाचे, तर परुळेकरांचा आक्षेप मान्य करावाच लागतो, कारण विखुरलेल्या वाड्यांतील पडव्या कोणत्याही कलेक्टरच्या तक्त्यात मावण्याजोग्या नव्हत्या. पण तेवढ्यावरून हा मुलूख सार्वत्रिक साक्षर होता, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. न मोजलेली मुले पुष्कळ असली, तरी ती बहुतेक मोजलेल्या मुलांच्याच जातींतील व घरांतील होती.

दोन उदाहरणे : या शिक्षणाची ताकद आणि मर्यादा किनाऱ्यावरील दोन विद्वानांच्या चरित्रांत स्पष्ट होते. मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांचा जन्म देवगड तालुक्यातील पोंभुर्ले या गावचा. त्यांचे वडील गंगाधरशास्त्री पुराणिक होते. लेखन, वाचन, हिशेब, मराठी कवींची कविता व संस्कृतचा पाया हे सर्व बाळशास्त्रींना वडिलांकडून घरीच मिळाले. त्या घरात संपत्ती नव्हती, विद्या होती. १८२५ च्या सुमारास ते मुंबईस गेले व सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांच्या आश्रयाने इंग्रजी शिकले. एवढ्या पायावर त्यांनी १८३२ मध्ये दर्पण सुरू केले, एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापन केले, मुलांसाठी व्याकरण व भूगोलाची पुस्तके रचली आणि १८४५ मध्ये शिक्षकांना तयार करण्यासाठी निघालेल्या वर्गाचे ते प्रमुख झाले. पोंभुर्ल्याच्या पडवीत शिकलेल्या या मुलाने ज्या प्रकारचे शिक्षक घडविले, त्यांनीच पुढे पंतोजींची जागा घेतली [⟶ जांभेकर, बाळशास्त्री].

रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) यांचा जन्म मालवणचा. वडील महसूल खात्यात कारकून होते. बेताच्या मिळकतीच्या या कुटुंबातील मुलाचे आरंभीचे शिक्षण जुन्या पद्धतीने झाले. १८४७ मध्ये वडिलांची बदली रत्नागिरीस झाली आणि तेथील सरकारी शाळेत त्यांना इंग्रजी शिकता आले. तेथून १८५३ मध्ये ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत गेले. ही बदली झाली नसती, तर संस्कृत पंडित म्हणून ते कदाचित पुढे आले असते. भारतविद्येचा आधुनिक अभ्यासक म्हणून येणे मात्र अवघड होते. मराठी, मोडी, हिशेब आणि संस्कृत घर शिकवू शकत होते. इंग्रजी घरी कोणालाच येत नव्हते, आणि नोकरी तर इंग्रजीवरच मिळू लागली होती. येथेच गृहशिक्षण अडले.

पुढे शिकावयाचे, तर मुलाने घर सोडणे भाग पडे. मुंबई, रत्नागिरी, कोल्हापूर किंवा पुणे येथे नातलगाच्या बिऱ्हाडी राहावयाचे, आठवड्याचे सात वार सात घरी लावून जेवावयाचे, नाही तर माधुकरी मागावयाची, असा हा क्रम होता. वार लावून शिकणे याला गौरवाचे वलय प्राप्त झाले आहे. परंतु ज्या घरी वार लावून जेवणे धर्माचाराने शक्य होते, अशीच मुले त्या वाटेने जाऊ शकली, हे विसरता येत नाही.

वंचित वर्ग : मुलींच्या बाबतीत घर हीच एकमेव शाळा होती आणि तीही क्वचित उघडी असे. ओव्या, व्रतकथा, स्तोत्रे यांचे पाठांतर त्यांना मिळे. अक्षर मिळत नसे. ज्यांना मिळाले, त्यांना ते वडील, आई वा पती यांच्या विशेष आग्रहामुळे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना तीर्थाटनाच्या भटक्या व हलाखीच्या जीवनात आई लक्ष्मीबाई यांनी संस्कृत शिकविले. लक्ष्मीबाईंना त्यांचे पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध सोसून शिकविले होते. साधनांवाचूनच्या गृहशिक्षणाचे मराठी समाजातील हे सर्वांत विलक्षण उदाहरण होय. मालवणच्या किनाऱ्यावर पुरुषमंडळी गिरण्यांतील व गोदीतील कामासाठी मुंबईस जाऊ लागल्यावर घरचा कारभार बायकांवर आला. दरमहा मनिऑर्डर व पत्र येई आणि ते वाचावयास मास्तर, पोस्टमन किंवा शाळेत जाणारा शेजारचा मुलगा गाठावा लागे. मुलीला शिकविण्याची गरज या घरांना प्रथम पटली ती सुधारकांच्या व्याख्यानांमुळे नव्हे, तर घरातील खासगी मजकूर परक्याकडून वाचून घेण्याच्या संकोचामुळे.

गाबीत, खारवी इ. दर्यावर्दी समाजांचे गृहशिक्षण निराळे होते. वारा, भरती-ओहोटी, ताऱ्यांवरून दिशा, जाळे विणणे व दुरुस्त करणे, रापणीचे वाटे पाडणे या गोष्टी मूल बापाबरोबर शिके. रापणीच्या वाट्यांचा हिशेब औटकीपेक्षा सोपा नव्हता. पण तो कोणत्याही पाहणीत विद्या म्हणून मोजला गेला नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना पंतोजीची ओटी बंद होती आणि घरात अक्षर नव्हते. त्यांच्यापैकी काहींपर्यंत शिक्षण पोहोचले ते प्रामुख्याने लष्करी पलटणींतील शाळांमुळे व नंतर मिशनच्या आणि सरकारी शाळांमुळे. घरच्या शिक्षणाचे गुण सांगताना ही बाजू झाकली जाऊ नये.

तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीज गोव्यात घराला आणखी एक कार्य करावे लागले. १६८४ च्या फर्मानाने स्थानिक भाषेचा त्याग करण्याची सक्ती झाल्यानंतर व पुढेही राज्यकर्त्यांचे शिक्षण पोर्तुगीजमध्ये असताना, हिंदू कुटुंबांत मराठी टिकून राहिली ती मुख्यतः खासगी पंतोजी, देवळे आणि घरची पोथी यांच्या आधाराने.

संस्थात्मक शाळा व नंतरचा काळ : १८२३ मध्ये जर्व्हिस या लष्करी अभियंत्याच्या पुढाकाराने दक्षिण कोकणात शाळा काढण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते निघाल्यानंतर पंतोजींच्या शाळा क्रमाने नाहीशा झाल्या किंवा अनुदान घेऊन नव्या व्यवस्थेत सामावल्या. इंग्रजी शिक्षणाची उणीव भरून काढण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी स्थानिकांनी लहान गावांतही माध्यमिक शाळा काढल्या. वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ पर्यंत ज्या शाळेत अध्यापन केले, ती वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याची शाळा त्यांपैकीच एक. प्राथमिक शिक्षणाविषयीचे १९२३ व १९४७ चे कायदे आणि स्वातंत्र्यानंतर वाडीवाडीत पोहोचलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळा यांमुळे घरी राहिला तो केवळ परवचा, आणि तोही नाणेबदलानंतर उणावत गेला. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची साक्षरता ८५ टक्क्यांहून अधिक भरली.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले. मात्र तसे न करणाऱ्या पालकास शिक्षा सांगितलेली नाही आणि घरी शिकविण्याबद्दल वेगळी तरतूदही नाही. ज्यांना शाळेबाहेर राहूनच परीक्षा द्यावयाची आहे, त्यांच्यासाठी राज्य मंडळाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ ही जुनी वाट आहे. केंद्रीय मुक्त विद्यालय १९८९ मध्ये स्थापन झाले. तेथे माध्यमिक परीक्षेस १४ वर्षे वय पुरे होते. खासगी शाळेचे शुल्क न परवडणारी किंवा मुलाला स्वतः शिकवू इच्छिणारी कुटुंबे या दोन्ही वाटांचा उपयोग करतात.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा सबंध राज्यच काही काळ गृहशिक्षणाकडे वळले. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तीत पहिली ते आठवीच्या मुलांना घरातील व परसातील वस्तू घेऊन पालकांच्या साह्याने करावयाचे पाठ दिले जात. भ्रमणध्वनीवरून चालणाऱ्या वर्गांची मात्र कोकणात अडचण झाली. डोंगरामागच्या वाड्यांत लहरी पोहोचत नसत. मुलांना सड्यावर किंवा घाटीच्या माथ्यावर जाऊन बसावे लागे, आणि पावसाळ्यात तेही जमत नसे. ज्या घरात शिकलेली आई होती, तेथील मुलांचा अभ्यास चालू राहिला.

सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली. मुंबईकडील स्थलांतर चालूच आहे, आणि अनेक वाड्यांतील शाळांचा पट २० हून खाली आला आहे. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार राज्यात २०२३ पासून पुढे आला. समूह शाळेत शिक्षक व साधने अधिक मिळतील, हे खरे. पण वाडीपासून तिचे अंतर वाढेल, आणि पावसाळ्यातील ओढे जेथे होते तेथेच आहेत.